खंडे नवमीचा ब्रेक

खंडे नवमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या राजाजीनगरात जपून चालावं लागतं. चौकाचौकात कोहळे फोडलेले असतात, त्यांच्या पोटात कालवलेलं कुंकू रस्ताभर पसरलेलं असतं, आणि त्यावरून माझ्यासारखी म्हातारी घसरली की चार जण धावत येतात. कोहळा बाजूला करायला मात्र एकही येत नाही. दर वर्षी मी कुरकुरते. दर वर्षी मला हे सगळं आवडतंही. बसगाड्यांना बांधलेले केळीचे खुंट, रिक्षांच्या कपाळावर गंधाचे पट्टे, दुकानादुकानातून हातावर पडणारी कडलेपुरी, म्हणजे तुमचे चुरमुरे आणि डाळं. आश्विनातलं बंगळूरचं ऊन असं असतं की भर दुपारी अंगणात बसलं तरी चालतं.

यंदा शेजारच्या इंजिनिअर मुलाने नवी मोटरसायकल घेतली. पूजेच्या आदल्या दिवशी तो ती पुसत बसला होता. मला बघून मोठ्या कौतुकाने पुढच्या चाकाची चकती दाखवायला लागला. "आंटी, याचा ब्रेक कसाही दाबा, चाक घसरत म्हणून नाही." मी म्हटलं, "छान आहे रे बाबा. फक्त त्याला तेल लावू नकोस." तो हसला. माझं वय झालंय, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. मी माझ्या जागी बरोबर होते, आणि का बरोबर होते हे सांगायला त्याला तिथे ताटकळत ठेवणं मला प्रशस्त वाटेना. म्हणून इथे सांगते आहे.

आम्ही इथले जुने मराठी. कोणत्या तरी पिढीत आमचे पूर्वज तलवारी घेऊन या मुलखात आले आणि पुढच्या पिढ्यांनी तलवार ठेवून टाक हातात घेतला. तेव्हापासून घराण्यात सगळे कारकून, मास्तर, इन्स्पेक्टर. पण एक तलवार उरली होती. ती वर्षभर माळ्यावर असायची आणि खंडे नवमीला खाली यायची. तिच्याबरोबर घरातलं यच्चयावत लोखंड पाटावर मांडलं जायचं. विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, कोयता, आईची खलबत्त्याची लोखंडी जोडी, वडिलांचा पाने-पक्कड ठेवायचा डबा. ही मांडणी अक्काच्या हाती. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. सगळी जण तिला अक्का म्हणायची, आणि आम्ही मुलं वडिलांना अण्णा म्हणायचो. पुण्याची माणसं घरी आली की गोंधळून जायची, की घरात अण्णा आणि अक्का आहेत, मग बाबा कुठे आहेत.

अक्काचा नेम असा की लोखंड देवापुढे कोरडं ठेवायचं नाही. आधी चिंचेने घासायचं, मग पुसायचं, मग खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, मग हळदकुंकू. "वर्षभर राबतंय बिचारं, एक दिवस त्यालाही तेलपाणी नको?" असं ती म्हणायची. तलवारीशी ती बोलत बोलत तेल लावायची. आम्हा बहीणभावंडांच्या डोक्याला लावताना बोलायची तशीच. आणि एकदा पूजा झाली की दशमीला उत्तरपूजा होईपर्यंत कोणत्याही हत्याराला हात लावायचा नाही. भाजी चिरायची नाही, टाका घालायचा नाही. त्या दिवशी आमच्याकडे आदल्या दिवशी चिरून ठेवलेल्या भोपळ्याचं सांबार असायचं. ते थोडं आंबूस लागायचं आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

साठीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. राजाजीनगर नवं होतं. आखलेले प्लॉट, मधे मधे एकेक घर, बाकी सगळीकडे वाळूचे ढीग, विटांच्या चळती आणि लांबपर्यंत मोकळं आभाळ. आमच्या घरापासून वर पाण्याच्या टाकीपर्यंत एक सरळ चढ होता. उलट बाजूने पाहिलं तर अर्थातच उतार.

अण्णा आरोग्य खात्यात होते. देवी टोचणाऱ्या लोकांवर देखरेख ठेवायची, गावोगाव जाऊन कुणाची मुलं राहिली ते बघायचं. के. आर. पुरमच्या पलीकडची गावं त्यांच्याकडे होती, म्हणजे राहायचं शहराच्या या टोकाला आणि काम त्या टोकाच्याही पुढे. त्यासाठी त्यांनी लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली एक विलायती फटफटी इथल्या शिवाजीनगरच्या भंगार बाजारातून आणली होती. तिचा आवाज ऐकला की लांबच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची आणि आई चहाचं आधण ठेवायची. गावातली पोरं तिच्या मागे धावत, त्यांच्या आया दंडावर पदर ओढून लपत, आणि अण्णा कुणाला दरडावत, कुणाला गूळ देत सगळ्यांना बाहेर काढत. संध्याकाळी घरी येऊन हे सगळं साभिनय सांगत. लाल धुळीने त्यांच्या भुवया विटकरी झालेल्या असत. इतका सुखी माणूस मी सरकारी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

त्या फटफटीचं सगळं भरदार होतं, फक्त पुढचा ब्रेक नावाला होता. पुढच्या चाकाच्या मध्यभागी ब्रेकचा ड्रम होता तो बशीएवढा. एवढ्या जड गाडीला तो थांबवणार कसा? अण्णा मागच्या ब्रेकवर भागवायचे. आणि मग त्या उन्हाळ्यात के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकाशी बैलगाडी आडवी आली. बैल वाचले, गाडीवान वाचला, अण्णांचा डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण घोटा कायमचा आखडला. आता त्या काळच्या विलायती गाड्यांना मागचा ब्रेक असायचा डाव्या पायाला. म्हणजे ज्या पायावर सगळी भिस्त होती, तोच गेला.

खात्याने अण्णांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. दिवसभर कागद लावायचे. वाईट काम नव्हतं, पण अण्णा त्यात वाळत चालले. घरी येऊन ते पायरीवर बसायचे. चहा निवून जायचा. गावातल्या गमती थांबल्या, कारण रेकॉर्ड रूममध्ये गाव नव्हतं. आईला हे दिसत नव्हतं असं नाही. पण तिने त्यांना बैलगाडीत घालून आणलेलं पाहिलं होतं. गाडीचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

शेवटी दोघांत ठरलं. ठरलं म्हणजे काय, अण्णांनी मिनतवारी केली आणि आईने अट घातली. दसऱ्यानंतर अण्णांना खात्याला सांगायचं होतं, फिरती घेणार की कायम आत बसणार. तोवर पुढचा ब्रेक नवा बसवायचा. दसऱ्याला टाकीच्या उतारावरून गाडी सोडायची. डाव्या पायाला हातही न लावता, म्हणजे पायाला पाय, जाऊ दे, तुम्हाला कळलं, नुसत्या हातातल्या ब्रेकने ती खाली चौकाच्या अलीकडे थांबली पाहिजे. थांबली तर फिरती. नाही थांबली तर लाकडाच्या वखारवाल्याला विकायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही. "शब्द?" आईने विचारलं. "शब्द," अण्णा म्हणाले.

मग पूर्ण भाद्रपद शिवाजीनगरात गेला. तिथे मुनिस्वामी नावाचा मिस्त्री होता. गडगडाटी माणूस. प्रत्येक वाक्य तो समोरच्याला दम दिल्यासारखं बोलायचा आणि आपलीच तारीफ करायचा. त्याने भंगार बाजारातून एका दांडग्या मोटरसायकलीचा ड्रम शोधून काढला, चांगला ताटलीएवढा. त्याच्या आत बसणारे दोन अर्धगोल ब्रेक शू आणले आणि त्यांच्यावर नवं लायनिंग चढवलं. हे लायनिंग म्हणजे जाड, खरखरीत पट्टी. ब्रेक दाबला की शू उघडतात, ही पट्टी ड्रमला आतून घासते आणि चाक थांबतं. ड्रम मोठा म्हणून चाकाच्या तारा नव्याने विणायला लागल्या. मी कॉलेजातून येताना कधी कधी तिथे डोकवायची. तारांचा टणटण आवाज, समोरच्या खानावळीतल्या कबाबाचा वास, आणि अण्णा एका डब्यावर बसून आखडलेला पाय लांब करून त्या चाकाकडे बघताहेत. पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तसे बघत होते, खोटं नाही सांगत.

"सार, हा ब्रेक दाबाल तर गाडी काय, बंगळूर थांबेल," मुनिस्वामी कन्नडमध्ये गर्जला. अण्णा म्हणाले, "बंगळूर चालू दे. गाडी थांबव म्हणजे झालं."

अष्टमीच्या संध्याकाळी चाक आणि शू बसवलेली लोखंडी थाळी घरी आली. जोडायचं काम अण्णांना स्वतः करायचं होतं. पण तोवर दिवस मावळला, आणि सकाळी नवमी. हत्यारं पाटावर गेली. पाने गेले, पक्कड गेली, आणि अक्का म्हणाली की यंदा घरातलं सगळ्यांत मोठं आयुध तर हे चाकच आहे. तेव्हा चाक आणि ती थाळीही तलवारीच्या शेजारी बसली. झेंडू वाहिले, कोहळा फोडला, शेजारच्या अय्यंगार मामी त्यांच्या घरी नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या सोडून आमचं चाक बघून गेल्या. आई पूजेला होती, पण तिने चाकाला अक्षता वाहिल्या नाहीत. मी बघत होते.

दशमीला उत्तरपूजा झाली तशी अण्णांनी बाह्या सरसावल्या. दुपारपर्यंत चाक बसलं. ऊन उतरल्यावर ते टाकीकडे गाडी ढकलत गेले, मी आणि अक्का खाली चौकात उभ्या राहिलो. आई घरातच थांबली. सीमोल्लंघनाहून येतील तेव्हा ओवाळायला ताट करते, म्हणाली.

गाडी निघाली. सुरुवातीला अण्णांनी ब्रेक हलका धरला असावा, मग जोराने. लांबूनही त्यांच्या मनगटाची शीर फुगलेली मला दिसली असं वाटतं, अर्थात तेवढ्या अंतरावरून ते दिसणं शक्य नाही. गाडी थांबेना. वेग स्वल्प कमी व्हायचा, पुन्हा सरकायची. ती आमच्या समोरून गेली. अण्णांचं तोंड पांढरं फटक पडलं होतं आणि ते आमच्याकडे बघत नव्हते. चौकात कालचा फुटका कोहळा पडला होता, त्यावरून मागचं चाक घसरलं, आणि गाडी अण्णांसकट समोरच्या बांधकामाच्या वाळूत जाऊन रुतली. वाळू होती म्हणून बरं. अण्णा उठले, धोतर झटकलं, आणि गाडी ओढून बाहेर काढायला लागले.

आम्ही मागून ढकलत गाडी घरी आणली. आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. अण्णांनी गाडी पायरीशी लावली. तिला सगळं दिसलंच असेल, कपड्यांना वाळू, तोंडावरचे भाव. अण्णा म्हणाले, "वखारवाल्याला उद्या निरोप देतो." आणि हातपाय धुवायला मागे गेले. आई तशीच ताट घेऊन उभी. पुढचं चाक तापलं होतं, त्यातून बारीक धूर निघत होता. तिने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा देवघराकडे. मग आत गेली आणि पानं मांडायला लागली.

पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः संसारात मुरल्यावर, आईने मला त्या वेळचं सांगितलं. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. "तेव्हाच मला कळलं होतं गं," ती म्हणाली. "त्या चाकाला चकलीच्या कढईचा वास येत होता. तापलेलं खोबरेल. जन्म गेला माझा चुलीपुढे, मला तो वास कळणार नाही? देवघरात बघितलं तर तेलाचा बुधला रिकामा. अक्कांनी काय केलंय ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं." मी विचारलं, मग लगेच का नाही बोललीस. ती शेंगा सोलायची थांबली नाही. "कशाला बोलू? माझं मागणं देवाने पुरं केलं होतं. गाडी जाणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. दारातून आत जाऊन पानं मांडणं, मीठ वाढणं, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, आणि मग भात. एवढा वेळ आमच्या घराचं पुढचं सगळं आयुष्य तिच्या एकटीच्या हातात होतं आणि आम्हाला वाटत होतं की ती वाढते आहे. घरी वाट बघत बसणाऱ्या बाईचं भय मला आता कळतं. माझा नवरा, माझी मुलं, सगळी उशिरा येणारी निघाली. फोन नसलेल्या काळात रोज संध्याकाळी एका आवाजाकडे कान लावून बसायचं, ही काही गंमत नाही. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

पण ती गप्प राहिली नाही. अण्णांच्या पानात भात वाढताना ती थांबली. मी समोरच बसले होते. अण्णा मान खाली घालून बसले होते, आणि सणाच्या दिवशी रेकॉर्ड रूममधला तोच चेहरा घेऊन ते भाताकडे बघत होते. आई म्हणाली, "अक्का, काल पूजेत त्या चाकाच्या थाळीला तेल लावलंत का हो?"

"लावलं तर," अक्का म्हणाली. "सगळ्यांत जास्त त्यालाच लावलं. आतल्या त्या पट्ट्या किती रखरखीत होत्या, मेल्या सगळं तेल पिऊन टाकत होत्या. तीनदा हात फिरवला. माझ्या भावाचा जीव राखणारं आयुध, त्याला कमी करून चालेल?"

अण्णांनी हातातला घास पानात ठेवला. मला वाटलं ते आता ओरडणार. त्यांनी एकदा अक्काकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून कुठून तरी हसू वर यायला लागलं. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग ठसका लागला. मलाही हसू आवरेना. अक्काला काही कळेना. "तेल लावलं तर काय बिघडलं?" ती विचारत होती. अण्णांनी कसंबसं सांगितलं की बाकी यंत्राला तेल लागतं, पण ब्रेकची पट्टी कोरडीच पाहिजे, ती घासली नाही तर चाक थांबत नाही. मग मात्र अक्काचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या हाताने तू आज..." एवढं म्हणून ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. अण्णा उष्ट्या हातानेच उठून तिच्यापाशी गेले आणि खाली बसले. "अक्का, तू तेल लावलंस म्हणून गाडी वाळूत गेली. नसतं लावलंस आणि मुनिस्वामीचंच काम कच्चं असतं, तर गाडी कायमची गेली असती. आता कळलं ना काय झालं ते. बास, रडू नकोस." देवापुढची बन्नीची, म्हणजे शमीची पानं, ज्यांना आम्ही इकडे सोनं म्हणतो, ती त्यांनी तिच्या हातात दिली आणि तिच्या पाया पडले. त्या संध्याकाळी घरात जी सुटका वाटली, तशी मला परीक्षेचा निकाल लागल्यावरसुद्धा कधी वाटली नाही.

आई एवढंच म्हणाली, "भात निवतोय."

शू पेट्रोलने धुऊन पाहिले, शेगडीवर धरून पाहिले. घरभर खोबऱ्याचा धूर झाला, पण पट्ट्या पिऊन तृप्त झालेल्या. शेवटी पुन्हा शिवाजीनगर. मुनिस्वामीला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी भडकला, मग इतका हसला की शेजारच्या दुकानातली माणसं उठून आली. "ब्रेकला अभ्यंगस्नान," तो ज्याला त्याला सांगत सुटला. नवं लायनिंग चढवून देताना त्याने ते जुन्या वर्तमानपत्रात गच्च गुंडाळलं आणि अण्णांना बजावलं की थेट चाकावर, देवघरात नाही.

या खेपेला आईही उतारावर आली. कोजागरी जवळ आली होती, दुपारीच हवेत गारवा होता. अण्णा टाकीशी गाडीवर बसले तशी तिने पदर खोचला. "मी मागे बसते."

"अगं, आधी मी एकटा जाऊन बघतो. सगळं सरी आहे, ब्रेक नीट लागतोय असं दिसलं की मग तू."

"तुम्ही एकटे गेलात तर मला खाली उभं राहून बघावं लागेल," आई म्हणाली. "ते मला आता जमायचं नाही. थांबली तर दोघांची, नाही थांबली तर दोघांची."

अण्णा जरा पुढे सरकले. ती एका बाजूला पाय सोडून बसली, एका हाताने त्यांचा खांदा धरला. मी आणि अक्का उताराच्या मध्यावर होतो. अक्का डोळे मिटून पुटपुटत होती. गाडी आली, आमच्या समोरून गेली, आणि चौकाच्या बऱ्याच अलीकडे पुढे वाकली आणि उभी राहिली. अण्णांचा डावा पाय खाली लोंबत होता. तो त्यांनी मुद्दाम आम्हाला दिसेल असा धरला होता.

आम्ही धावत खाली गेलो. मला वाटलं होतं आई उतरेल, पण ती उतरलीच नाही. "चला," ती अण्णांना म्हणाली. अण्णांनी गाडी घराच्या रस्त्याला घातली. जरा पुढे गेल्यावर तिचा आवाज आला, "थांबा." गाडी थांबली. "चला." पुढच्या दिव्याच्या खांबाशी पुन्हा, "थांबा." पुन्हा थांबली. मी आणि अक्का पायी असून त्यांना गाठत होतो. अक्का वैतागली, म्हणाली ही काय वरात आहे का. आईने ऐकलंच नाही. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती, आणि नव्या राजाजीनगरातल्या त्या मोकळ्या रस्त्यावर ती प्रत्येक खांबाशी थांबा म्हणत होती. आमचं घर आलं, मागे पडलं. अण्णांनी मान वळवून विचारलं, "अजून?"

"अजून," आई म्हणाली. "थांबा."

आणि अण्णा थांबले.